लंडनमधील सुवर्णदुर्ग

परदेशी नोकरी करणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवसाचे जे मोल वाटते, ते घरी राहणाऱ्यास सहसा कळावयाचे नाही. आठवड्याचे बाकीचे दिवस कचेरीत, रुग्णालयात किंवा कारखान्यात जातात. हवा परकी, बोली परकी आणि भोवतालची माणसेही बहुधा परकीच. सुट्टीचा जो एक दिवस हाती येतो, तो धुणे, बाजारहाट आणि घरच्यांची खुशाली विचारणे यांतच संपून जातो. तथापि ज्या देशात पोटासाठी येऊन राहिलो तो देश थोडाफार डोळ्यांखालून घालावा, ही इच्छा प्रत्येक जिज्ञासू मनात असतेच. मग एखाद्या रविवारी डबा बांधून घेऊन मंडळी बाहेर पडतात, दिवसभर एखादे प्रसिद्ध स्थळ पाहतात आणि दिवेलागणीस परत येतात.

दापोली तालुक्याला परदेशगमन नवे नाही. मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला गेले आणि १८९९ साली तेथे सीनियर रँग्लर झाले. ज्यांचे मूळ गाव चिखलगाव, ते लोकमान्य टिळक चिरोल खटल्याच्या निमित्ताने १९१८-१९ मध्ये वर्षभराहून अधिक काळ लंडनमध्ये होते. मुरूडचे धोंडो केशव कर्वे तर सत्तरी गाठल्यावर, १९२९ साली, आपल्या महिला विद्यापीठाच्या कार्यासाठी जगाच्या प्रवासास निघाले. १९३२ पासून लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ चालू आहे. आज त्या शहरात नोकरी-व्यवसायासाठी राहणाऱ्या मराठी माणसांत कोकणची घरे थोडीथोडकी नाहीत. या लोकांनी, आणि त्यांतही दापोली-हर्णैकडच्या लोकांनी, एका दिवसाच्या सहलीसाठी कोणते स्थळ निवडावे असे कोणी विचारले, तर टॉवर, वेस्टमिन्स्टर आणि ब्रिटिश म्युझियम यांच्या जोडीने आणखी एक नाव सांगावे लागेल. ते नाव म्हणजे ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. इंग्रजी उच्चाराच्या या वेषातील शब्द दुसरातिसरा कोणताही नसून आपला ‘सुवर्णदुर्ग’ होय.

ही इमारत लंडनच्या आग्नेय भागात, ग्रिनिच विभागात, शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर उभी आहे. चेअरिंग क्रॉस किंवा लंडन ब्रिज या स्थानकावरून आगगाडीने निघावे, म्हणजे अर्ध्या तासाच्या सुमारास एल्थम गाव येते. तेथून पुढे चढणीची वाट आहे. ही टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे १३२ मीटर, म्हणजे चारशे फुटांहून थोडी अधिक उंच आहे. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसास या उंचीचे काही वाटणार नाही. परंतु लंडनच्या सपाट प्रदेशात तेवढ्याने टेकडी चारी दिशांना नजरेत भरते. लंडनहून डोव्हर बंदराकडे जाणारा जुना हमरस्ता याच टेकडीवरून जातो. वाटमाऱ्यांच्या उपद्रवासाठी हा चढ एके काळी कुप्रसिद्ध होता. डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ या कादंबरीत डोव्हरची टपालगाडी चिखल तुडवीत जी टेकडी चढते, ती हीच. रस्त्याच्या दक्षिणेस ऑक्सलीज वूड आणि त्याला लागून असलेली इतर जुनी वने पसरली आहेत. लंडनसारख्या अफाट शहराच्या पोटात इतके पुरातन अरण्य शिल्लक राहावे, हेच एक नवल आहे. ओकच्या झाडांमधून जाणाऱ्या पायवाटेने वर गेले, की झाडीतून विटांचा एक मनोरा एकाएकी पुढे येतो.

‘कॅसल’ या शब्दाने कोणी तट, खंदक आणि बुरूज यांची अपेक्षा करील तर त्याची निराशा होईल. हा किल्ला नव्हे. किल्ल्याचा आभास निर्माण करणारा हा एक स्मारकमनोरा आहे. अठराव्या शतकात इंग्लंडातील श्रीमंत लोकांना आपल्या बागबगिच्यांत अशा हौशी इमारती उभारण्याचा नाद होता, त्यांपैकीच ही एक. तिची उंची ६३ फूट आहे. तिचा आकार त्रिकोणी असून तिन्ही कोपऱ्यांवर षट्कोनी बुरूज आहेत. खिडक्या टोकदार कमानींच्या आहेत आणि माथ्यावर तटाच्या चऱ्यांसारखी कंगोऱ्यांची ओळ आहे. रिचर्ड जप हा तिचा शिल्पकार. ती १७८४ साली बांधण्यात आली. ज्या दुर्गाच्या नावाने ती उभी आहे त्याचा एकही अवयव तिच्यात नाही. अरबी समुद्रातील सुवर्णदुर्ग काळ्या खडकावर, लाटांच्या माऱ्यात, लांबट आकाराने पसरलेला आहे. हा मनोरा समुद्रापासून दूर, हिरव्या रानात, निमुळता उभा आहे. दोहोंत साम्य आहे ते केवळ नावाचे.

त्या नावाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. अठराव्या शतकातील इंग्रज दर्यावर्दी आणि लेखक एतद्देशीय नावे आपल्या कानाला जशी लागतील तशी लिहीत. ‘सुवर्ण’चे ‘सेव्हर्न’ झाले आणि ‘दुर्ग’चे ‘ड्रूग’ झाले. सेव्हर्न ही इंग्लंड आणि वेल्स यांमधून वाहणारी एक प्रसिद्ध नदी आहे. त्यामुळे केवळ नाव ऐकणाऱ्यास हे स्थळ त्या नदीशी संबंधित असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. गोंधळाचे आणखी एक कारण आहे. बंगळूरजवळचा सावनदुर्ग लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने १७९१ साली टिपू सुलतानाकडून घेतला, तेव्हा त्याचेही नाव इंग्रजांनी याच वर्णांनी लिहिले. म्हणून जुन्या इंग्रजी पुस्तकांत किंवा चित्रांखाली हे नाव आढळले, तर डोंगरी किल्ला कोणता आणि हर्णैचा जलदुर्ग कोणता, हे साल पाहून ठरवावे लागते.

मनोऱ्यावर एक कोरीव लेख आहे. त्याचा आशय असा: दिवंगत सर विल्यम जेम्स यांच्या प्रतिनिधीने ही इमारत १७८४ साली उभारली. कंपनीच्या आरमाराचे आधिपत्य त्यांच्याकडे असताना पूर्वेकडील समुद्रांत त्यांनी जे पराक्रम केले त्यांची, आणि विशेषतः मलबार किनाऱ्यावरील सुवर्णदुर्ग २ एप्रिल १७५५ रोजी त्यांच्या श्रेष्ठ शौर्यामुळे व कुशल नेतृत्वामुळे पडला या गोष्टीची, आठवण राहावी हा तिचा हेतू. कोकणच्या माणसाने हा लेख सावकाश वाचावा, कारण त्यात जे सांगितले आहे त्यापेक्षा जे गाळले आहे ते अधिक महत्त्वाचे आहे.

पहिली गाळणी साधी आहे. मनोरा उभारणारी व्यक्ती म्हणजे जेम्सची विधवा पत्नी, लेडी ॲन जेम्स. लेखात तिचे नाव नाही. ‘प्रतिनिधी’ या एका शब्दात तिची बोळवण झाली आहे. वास्तविक ही बाई सामान्य नव्हती. लॉरेन्स स्टर्न या विख्यात इंग्रज कादंबरीकाराचा या दांपत्याशी स्नेह होता. १७६८ साली मृत्युशय्येवर असताना त्याने जे अखेरचे पत्र लिहिले, ते याच बाईला. आपल्या पश्चात आपल्या मुलीकडे लक्ष द्यावे अशी विनंती त्यात त्याने केली होती. नवऱ्याचे नाव दगडावर राहावे म्हणून जिने मनोरा बांधला, तिचे स्वतःचे नाव दगडावर नाही.

दुसरी गाळणी समजण्यासाठी १७५५ सालच्या कोकणात आले पाहिजे. विल्यम जेम्स हा वेल्समध्ये मिलफर्ड हेवनच्या परिसरात जन्मलेला, सामान्य स्थितीतील माणूस. १७४७ साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत आला आणि १७५१ साली मुंबईच्या आरमाराचा प्रमुख झाला. आजच्या भाषेत बोलावयाचे तर तोही परदेशी नोकरीस आलेला माणूस होता. त्याच्या नोकरीचे काम होते कंपनीच्या व्यापारी जहाजांचे रक्षण, आणि त्या जहाजांना पश्चिम किनाऱ्यावर ज्यांची सर्वांत मोठी धास्ती वाटे ते आंग्रे होत.

आंग्र्यांना इंग्रज ‘चाचे’ म्हणत. ही उपाधी इंग्रजी पुस्तकांतून इतकी रूढ झाली, की कधी कधी एतद्देशीय लेखकांनीही ती तशीच उचलली. तथापि कान्होजी आंग्रे हे मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमाराचे अधिपती होते. त्यांच्या कारकिर्दीचा आरंभ सुवर्णदुर्गाच्या परिसरातच झाला. आपल्या धन्याच्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांनी आपला दस्तक घ्यावा, आणि न घेतल्यास जहाज पकडले जावे, हा त्यांचा दंडक होता. पोर्तुगीज आपल्या परवान्यांबाबत हेच करीत आले होते. जे एकाने केले असता राजसत्तेचा अधिकार ठरते, तेच दुसऱ्याने केले असता चाचेगिरी ठरते, याचे कारण इतिहास कोणाच्या लेखणीने लिहिला गेला यात शोधावे लागते. १७२९ साली कान्होजी वारले. त्यांच्या मुलांत वाटण्या व तंटे झाले. कुलाबा मानाजीकडे गेला. विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग ही दक्षिणेकडील ठाणी आधी संभाजीकडे व त्याच्यानंतर तुळाजीकडे आली. तुळाजी पराक्रमी होता. सिद्दीच्या ताब्यातील अंजनवेल त्याने १७४५ साली घेतली आणि तेथील किल्ल्यास गोपाळगड हे नाव दिले. परंतु १७४९ च्या अखेरीस छत्रपती शाहू महाराज निवर्तल्यावर त्याने पेशव्यांचे वर्चस्व मानले नाही. नानासाहेब पेशव्यांना आपल्या राज्यातील हा बेबंद सरदार डोळ्यांत सलू लागला.

त्याला वठणीवर आणावयाचे तर समुद्रात आरमार पाहिजे. पेशव्यांचे स्वतःचे आरमार तितके बळकट नव्हते. मुंबईकर इंग्रजांकडे जहाजे होती आणि तुळाजीचे वैरही होते. कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांनी पेशव्यांच्या वतीने बोलणे केले आणि १९ मार्च १७५५ रोजी मुंबईस करार झाला. समुद्रावरील हालचाली इंग्रजांच्या हुकमतीने व्हाव्यात. जिंकलेले किल्ले पेशव्यांकडे जावेत. मात्र बाणकोट, म्हणजे हिम्मतगड, हा किल्ला काही गावांसह इंग्रजांना मिळावा, हे त्यातील मुख्य कलम होते. बाणकोट सावित्री नदीच्या मुखावर आहे. खाडीतून आत जाणारी वाट त्याच्या हाती असल्यामुळे या कलमाचे मोल इंग्रजांना चांगलेच ठाऊक होते.

करारानंतर तिसऱ्या दिवशी जेम्सची जहाजे मुंबईहून निघाली. ‘प्रोटेक्टर’ हे ४४ तोफांचे मोठे जहाज, ‘स्वॅलो’ हे १६ तोफांचे, आणि बाँब फेकणारी ‘व्हायपर’ व ‘ट्रायंफ’ ही दोन, एवढाच त्याचा ताफा होता. बरोबर पेशव्यांची गलबते होती, आणि किनाऱ्याने पेशव्यांची फौज चालली होती. मुंबई सरकारचा जेम्सला हुकूम होता तो केवळ बंदराची नाकेबंदी करण्याचा. किल्ला फौजेने जमिनीवरून घ्यावा, कंपनीची जहाजे धोक्यात घालू नयेत, असे त्याला बजावले होते. तो हुकूम त्याने बाजूस सारला. रॉबर्ट ऑर्म या तत्कालीन इंग्रज इतिहासकाराने पुढील हकीकत दिली आहे. प्रथम पश्चिमेकडून मारा झाला, परंतु तेथे तटाचा बराच भाग मूळ खडक तासूनच तयार झालेला असल्याने गोळ्यांचा परिणाम होईना. ही गोष्ट किल्ल्यातून फुटून आलेल्या एका माणसाकडून कळल्यावर जहाजे बेट आणि किनारा यांच्या मधल्या पाण्यात शिरली आणि पूर्वेच्या अंगाने मारा सुरू झाला. एका बाँबने आतील घरांना आग लागली. ती दारूच्या कोठारापर्यंत पोहोचली आणि कोठार उडाले. शिबंदीतील लोक बायकामुलांसह होड्यांत बसून किनाऱ्याकडे निघाले ते पकडले गेले. समोरच्या किनाऱ्यावरील गोवा किल्ल्यातून किल्लेदाराने काही काळ प्रतिकार केला. तो काही निवडक लोकांसह बेटावर परतलाही. परंतु इंग्रज खलाशांनी उतरून कुऱ्हाडींनी दिंडीदरवाजा फोडला आणि दुर्ग पडला.

ऑर्मने या हकीकतीत मराठी फौजेची थट्टाच केली आहे. ती लांबवर मोर्चे बांधून एका लहानशा तोफेने मारा करीत बसली होती, असे तो सांगतो. त्याच्या लेखणीत अभिमानाचा भाग आहे हे उघड आहे. पण त्याची थट्टा खरी धरली तरी मूळ गोष्ट बदलत नाही. ही मोहीम पेशव्यांनी मागितलेली होती, तिचा करार पेशव्यांच्या सरसुभेदाराने केलेला होता, आणि जिंकलेला दुर्ग कराराप्रमाणे पेशव्यांकडेच यावयाचा होता. शूटर्स हिलवरील लेखात यांपैकी एक अक्षर नाही. तो लेख वाचून कोणासही असे वाटेल, की एका इंग्रज वीराने मलबारच्या किनाऱ्यावर एका शत्रूचा कोट जिंकला, आणि तेथे तिसरा कोणी नव्हताच. किनाऱ्याचे नावही बरोबर नाही. कोकण आणि मलबार यांमध्ये शेकडो मैलांचे अंतर आहे.

मात्र ही गाळणी इंग्रजांची म्हणून तिच्यावर रागावून घरी परत यावे, इतके हे प्रकरण सोपे नाही. लेखात पेशव्यांचे नाव नाही यात एका परीने पेशव्यांची लाजच राखली गेली आहे. सुवर्णदुर्गानंतर पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला. जेम्स त्यातही होता. बंदरात नांगरलेल्या तुळाजीच्या आरमाराला आग लागली आणि ते जवळजवळ सगळे जळून गेले. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत पडला आणि पुढे सुटला नाही. किल्ल्यात सापडलेली लूट सुमारे १० लाख रुपयांची होती. ती इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली, पेशव्यांच्या हाती काही लागले नाही. विजयदुर्ग ताब्यात मिळविण्यासाठीही पेशव्यांना ऑक्टोबर १७५६ चा तह होईपर्यंत वाट पाहावी लागली. बाणकोट इंग्रजांकडे गेला तो गेलाच. त्याचे नाव त्यांनी ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ ठेवले.

तुळाजीचा बंदोबस्त करणे पेशव्यांना भाग होते, असे म्हणणारे आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. राज्यातील एखादा सरदार मध्यवर्ती सत्ता जुमानीत नसेल तर सत्ता टिकत नाही. परंतु घरातला तंटा मिटविण्यासाठी शेजाऱ्याला हत्यार घेऊन आत बोलाविले, की तंटा मिटतो आणि घरही जाते. तुळाजी पेशव्यांचा अंकित नव्हता. तरी त्याची जहाजे मराठी किनाऱ्याचीच होती. ती जळाल्यावर कोकणच्या समुद्रात इंग्रजांना अडविण्याच्या तोलाचे बळ उरले नाही. पेशव्यांनी पुढे आपले आरमार ठेवले, आनंदराव धुळपांसारखे सरदार त्यात नावाजले. तरीही कान्होजींच्या वेळचा दरारा पुन्हा आला नाही.

याच दुर्गाच्या इतिहासातील पुढील एक प्रसंग येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरे बाजीराव पेशवे पुणे सोडून निघाले. रायगड, महाड असे करीत ते आश्रयास आले ते सुवर्णदुर्गात. तेथून समुद्रमार्गाने ते इंग्रजांच्या साहाय्याने वसईस गेले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. त्या तहाने इंग्रजांची तैनाती फौज पेशव्यांच्या गळ्यात पडली, आणि स्वतंत्र राज्य म्हणून पेशवाईचे आयुष्य वस्तुतः तेथेच संपले. चुलत्याने, म्हणजे नानासाहेबांनी, जो दुर्ग इंग्रजांच्या तोफांनी घेतला, त्याच दुर्गातून पुतण्याला इंग्रजांच्या आश्रयास जावे लागले. मधे अंतर सत्तेचाळीस वर्षांचे. १८१८ साली दुर्ग इंग्रजांच्या हाती गेला, आणि जवळच्या दापोलीस त्यांनी लष्कराची छावणी घातली. ‘काप दापोली’ हे लोकांच्या तोंडी असलेले नाव त्या ‘कँप’चेच राहिलेले रूप होय.

जेम्स १७५९ साली मायदेशी परतला. नोकरीत मिळविलेल्या धनावर त्याने एल्थम येथे जमीनजुमला घेतला. तो पार्लमेंटचा सभासद झाला, १७७८ साली बॅरोनेट झाला, कंपनीचा संचालक आणि पुढे अध्यक्षही झाला. १७८३ च्या डिसेंबरात तो वारला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या पत्नीने हा मनोरा बांधला. त्यात सुवर्णदुर्गाहून आणलेली हत्यारे शोभेसाठी मांडली होती, असे जुन्या वर्णनांत सांगितले आहे.

मनोऱ्याचा पुढील इतिहास मात्र युद्धाचा नाही, आणि तो जाणून घेण्याजोगा आहे. ग्रिनिच आणि पॅरिस येथील वेधशाळांमधील अंतर अचूक मोजण्यासाठी इंग्रज व फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८४ ते १७९० या काळात जी त्रिकोणमितीची मोजणी केली, तिच्यात जनरल विल्यम रॉय याने या मनोऱ्याच्या माथ्याचा उपयोग केला. १८४८ साली लंडन शहराच्या मोजणीसाठीही हा माथा कामी आला. चोहीकडून दिसणारी आणि चोहीकडे पाहता येणारी जागा मोजणीदाराला हवीच असते. नंतर इमारत एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली. १९२२ साली लंडन काउंटी कौन्सिलने ती विकत घेऊन लोकांना खुली केली. तळमजल्यावर चहाची खोली निघाली. दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्यांवर नजर ठेवण्यासाठी तिचा उपयोग झाला. १९८८ साली ती बंद पडली. दारे-खिडक्यांना फळ्या ठोकल्या गेल्या, आणि पंधरा-वीस वर्षे ती रानात तशीच खितपत राहिली.

तिला पुन्हा उभे केले ते आसपासच्या नागरिकांनी. २००२ च्या सुमारास त्यांनी एक विश्वस्त संस्था काढली. २००४ साली मोडकळीस आलेल्या ऐतिहासिक वास्तूंविषयीच्या दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात तिची कैफियत मांडली गेली. अनेक वर्षे खटपट करून पैसा जमविला, दुरुस्ती केली आणि जुलै २०१४ मध्ये इमारतीची दारे पुन्हा उघडली. आज स्वयंसेवक ती सांभाळतात. ती रोज खुली नसते. ठराविक दिवशीच असते, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करून जावे. चहाची खोलीही पुन्हा सुरू झाली आहे. वळणाच्या जिन्याने गच्चीवर गेले, की निरभ्र दिवशी एका बाजूस थेम्स नदी आणि लंडनच्या उंच इमारतींची रांग दिसते, तर दुसऱ्या बाजूस केंट परगण्याच्या टेकड्या. सात परगण्यांतील स्थळे येथून दिसतात, असे पूर्वीपासून म्हणतात.

नागरिकांच्या या उद्योगाचे कौतुक करताना हर्णैच्या दुर्गाचीही गोष्ट सांगितली पाहिजे. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथील बैठकीत युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत रायगड, राजगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग यांच्याबरोबर सुवर्णदुर्ग आहे, आणि विजयदुर्गही आहे. म्हणजे १७५५-५६ साली जे दोन दुर्ग एकापाठोपाठ पडले, ते दोन्ही आज जगाचा ठेवा म्हणून गणले गेले आहेत. आता त्यांची हकीकत सांगणारे फलक लिहावयाचे काम पुढे येईल. ते लिहिणाऱ्यांनी शूटर्स हिलचा लेख आधी वाचलेला बरा. त्यात जशी एक बाजू गळली, तशी आपल्याकडच्या फलकातून दुसरी बाजू गळता कामा नये. तेथे शिवाजी महाराजांचे नाव यावे, कान्होजींचे यावे, तुळाजीचे यावे. त्याचबरोबर १९ मार्च १७५५ चा करार आणि त्यावर मान्यता देणारा आपला सरसुभेदार यांचीही नोंद यावी. स्वतःच्या विजयाविषयी अर्धे लिहिणे जितके सोपे, तितकेच स्वतःच्या चुकीविषयी काहीच न लिहिणे सोपे असते. फरक एवढाच, की पहिल्याने परक्याची फसवणूक होते आणि दुसऱ्याने आपल्या मुलांची.

लंडनला नोकरीस असलेल्या कोकणी माणसाने ही सहल करावी ती या दृष्टीने. परंतु तिचे पुरते फळ मिळावयाचे तर दोन्ही सुवर्णदुर्ग पाहिले पाहिजेत, आणि शक्य असल्यास हर्णैचा आधी. पावसाळा सरल्यावर, समुद्र शांत झाला म्हणजे, हर्णै बंदरातून होडीने बेटावर जाता येते. पूर्वेकडील महादरवाजा जवळ जाईपर्यंत दिसत नाही, इतका तो बुरुजांच्या आड आहे. पायरीवर कासव कोरलेले आहे, जवळच्या तटावर मारुती आहे. आत पाण्याची तळी, पडकी जोती आणि रान माजलेले आहे. पश्चिमेच्या अंगाला चोरदरवाजा आहे. त्या बाजूच्या तटावरून हात फिरवून पाहावा. खडक कोठे संपतो आणि बांधकाम कोठे सुरू होते हे सांगणे कठीण जाते. ‘प्रोटेक्टर’च्या गोळ्यांना येथे यश का आले नाही ते तेव्हा समजते. मग पूर्वेकडे येऊन बेट आणि किनारा यांमधल्या चिंचोळ्या पाण्याकडे दृष्टी टाकावी. त्याच पाण्यातून जेम्सची जहाजे आत आली होती, आणि समोरच्या जमिनीवर, ज्यांनी त्यांना आत बोलाविले त्यांचे तंबू होते.